नावाने हाक

"अहो, चहा झालाय," मी बोटीच्या पोटातून ओरडले, आणि धक्क्यावर बसलेल्या तीन अनोळखी पुरुषांनी माना वळवून मला उत्तर दिलं, "ओहे!"

हे पुढच्या टोकाला दोर गुंडाळत बसले होते. हसता हसता ह्यांना ठसका लागला.

"घे. एका हाकेत तीन नवरे."

"मी तुम्हाला बोलावलं."

"त्यांना काय माहीत? इथे पाण्यावर एका बोटीने दुसऱ्या बोटीला हाक मारायची ती 'ओहे' अशी. ऐकणाऱ्यानेही उलट 'ओहे' म्हणायचं. म्हणजे, मी इथे आहे, तुम्ही दिसलात. तू अहो म्हण, त्यांच्या कानाला ते तसंच लागतं."

दोन हजार सातचा जून होता तो. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सें-मालो नावाच्या बंदरात आमची बोट उभी होती. आमची म्हणजे तीन आठवड्यांपुरती भाड्याने घेतलेली. एक डोलकाठी, दोन शिडं, लहानसं इंजिन, आणि आत दोन माणसं एकमेकांच्या पायावर पाय न देता जेमतेम वावरतील एवढी जागा. 'मारी-लूझ' असं तिचं नाव होतं. हे तिच्या अंगावरून इतक्या प्रेमाने फडकं फिरवायचे की मी तिला सवत म्हणायला लागले होते.

हे मुंबई बंदरात पायलट होते. विमानाचे नव्हेत. बाहेरून आलेली मोठमोठी जहाजं धक्क्याला सुखरूप आणून लावायची, हे काम ह्यांनी तीस वर्षं केलं. सगळं आयुष्य दुसऱ्यांची जहाजं हाकण्यात गेलं, आता एकदा आपली हाकायची, असं निवृत्तीच्या दिवसापासून चालू होतं. आमची मुलगी मुग्धा तेव्हा रेनला राहत होती, सें-मालोपासून तासाभरावर. तिने साठाव्या वाढदिवसाला वडिलांना ही बोट भाड्याने घेऊन दिली. मला कुणी विचारलं नाही. मी गिरगावातल्या शाळेत एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला, भरती-ओहोटीच्या आकृत्या फळ्यावर काढून काढून माझा खांदा दुखायला लागला होता. पण पाण्यावर म्हणून गेले होते ती फक्त रेवसच्या लाँचमधून, तीही डोळे मिटून.

"एक अट आहे," चहा पिता पिता हे म्हणाले. "बोटीवर मला नावाने हाक मारायची."

"काहीतरीच."

"काहीतरीच नाही, कालिंदी. आपण दोघंच आहोत. मी पाण्यात पडलो तर मला बाहेर काढायला तुझ्याशिवाय कुणी नाही. तू अहो अहो करत बसलीस तर आजूबाजूच्याला वाटेल, बाई रामराम करतेय. नाव घेऊन ओरडलीस की जगात कुणालाही कळतं, माणूस हरवलाय. आणि माझं नाव हाकेला चांगलं आहे. शेवटचा आ लांबव, अर्धा मैल जाईल."

पटत होतं. पण माझी जीभ वळत नव्हती. एकतीस वर्षांत ह्यांचं नाव मी फक्त लग्नात घेतलं होतं, तेही उखाण्यात गुंडाळून, आणि खोलीचं दार अडवून उभ्या राहिलेल्या नणंदा हटेनात म्हणून. सासूबाई वेंगुर्ल्याकडच्या. मी नवी नवरी असताना त्यांनी मला चुलीजवळ बसवून सांगितलं होतं, "घोवाचा नाव तोंडात घेव नये गो. तेचा आयुष्य कमी जाता." मी त्यांना मनातल्या मनात हसले होते. पुढे वर्गातल्या मुलींना असल्या समजुतींवर झोडूनही काढलं. फॉर्मवर ह्यांचं नाव मी शेकडो वेळा लिहिलं असेल. पण तोंडाने घ्यायची वेळ आली की हटकून 'अहो' यायचं. त्यात भीती होती की नुसती सवय, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याच दुपारी ह्यांनी माझी परीक्षा घेतली. बंदराबाहेर गेल्यावर बसायची नारिंगी गादी पाण्यात भिरकावली आणि म्हणाले, "हा मी. काढ मला."

शिडांचे दोर सैल सोडायचे, बोट थांबवायची, गादीवरची नजर काढायची नाही, इंजिन चालू करायचं, वळसा घेऊन हळू यायचं. सगळं पाठ करून घेतलं होतं. माझ्याकडून दोर सुटला नाही, मग सुकाणू उलटं फिरलं, आणि गादी दिसेनाशी झाली.

"बुडालो," हे घड्याळ बघत म्हणाले. "आणि हाक कुठाय?"

"गादीला काय हाक मारू?"

"नाव घे."

दुसऱ्या खेपेला मी गादी चार मिनिटांत काढली. काठीच्या आकड्यात ती अडकल्यावर मी आनंदाने ओरडले, "अहो, मिळाली!" ह्यांनी कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून मी अहो म्हटलं की हे 'ओहे' असं उत्तर द्यायला लागले. अहो, मीठ कुठे ठेवलंत? ओहे, डाव्या कप्प्यात. मीही हसत होते. आता अठरा वर्षं झाली, पण तो शब्द कानावर पडला की मला दोन वेगळे आवाज ऐकू येतात.

पहिले दहा-बारा दिवस सुखाचे गेले, हे मला कबूल करायलाच हवं. आम्ही किनारा धरून पश्चिमेला चाललो होतो. रोज थोडंसं जायचं, संध्याकाळ व्हायच्या आत कुठल्यातरी लहान बंदरात शिरायचं. तिथली ओहोटी बघून भूगोलाची बाई गप्प झाली. पाणी तीन मजली इमारतीएवढं खाली जायचं आणि सकाळी तरंगणाऱ्या होड्या दुपारी चिखलात कलंडलेल्या दिसायच्या. मी हलत्या शेगडीवर पिठलं करायला शिकले. सुकाणू धरायलाही शिकले. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या हाताखाली जहाज द्यायला हरकत नाही." एवढं कौतुक ह्यांनी माझं उभ्या संसारात केलं नव्हतं.

तेराव्या दिवशी सकाळी आठला निघालो तेव्हा ऊन होतं. दहाच्या सुमारास पातेल्यावर झाकण पडावं तसं धुकं आलं. वारा अगदी मंद. बोटीचं पुढचं टोकसुद्धा मला पुसट दिसायला लागलं.

"इंजिन नको," हे म्हणाले. "कान उघडे हवेत. शिडावरच हळूहळू जाऊ. ह्या भागात कोळ्यांचे शेवंडं पकडायचे पिंजरे असतात, त्यांच्या दोरांना बांधलेले बोये पाण्यावर तरंगत असतात. दोर पंख्यात गेला तर संपलं. मी पुढे उभा राहून बघतो. तू सुकाणू धर."

"लाइफ जॅकेट घाला."

"घालतो. त्याचा पट्टा काखेत काचतोय, जरा सैल करायचाय."

जॅकेट माझ्या समोर खुंटीला लटकत होतं. हे हातात आकड्याची काठी घेऊन पुढे गेले. मी पुन्हा म्हटलं नाही. तीस वर्षं हलत्या जहाजांच्या दोरशिड्या चढलेल्या माणसाला किती वेळा सांगायचं, असं मला वाटलं.

"बोया आहे, डावीकडे घे," ह्यांचा आवाज आला. मी घेतलं. त्याच वेळी कुठूनतरी एक लांबलचक लाट आली, बोट आडवी डुलली, आणि काठी लाकडावर आपटल्याचा आवाज झाला. मी बघते तर हे बोटीच्या बाजूने मागे जात होते. पाण्यातून. डोकं वर होतं, एक हात वर होता. चेहऱ्यावर भीती नव्हती. आपण असं कसं केलं, म्हणून वैताग होता नुसता.

मी कठड्याला अडकवलेलं वाचवायचं तरंगतं कडं फेकलं. ते ह्यांच्यापर्यंत पोचलं नाही. मी दोर सोडले, शीड फडफडायला लागलं, बोट थांबत आली. हे सगळं मी बरोबर केलं. पण नजर काढायची नाही, हे माझ्या हातात राहिलं नाही. ह्यांच्या आणि माझ्यामध्ये धुकं आलं.

नाव घ्यायचं, हे मला आठवत होतं. नंतर लोक समजूत घालायचे, अशा वेळी माणूस गोंधळतो, काही सुचत नाही. मला सुचलं होतं. नाव मनात स्पष्ट होतं, शेवटच्या आकारासकट. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "अहोऽ!"

"इकडे!" ह्यांचा आवाज आला. मागून, डावीकडून.

"अहो, कुठे?"

"इकडे, कालिंदी!"

धुक्यात 'इकडे' म्हणजे कुठे? मी वळून वळून बघत होते. पाणी सगळीकडे सारखंच करडं. मी छातीत मावेल तेवढी हवा घेऊन पुन्हा ओरडले, "अहोऽऽ!"

"ओहे!"

उजवीकडून आलं. स्वच्छ, मोठ्याने. मला फार हायसं वाटलं. चेष्टा सुचतेय म्हणजे बरे आहेत, दम टिकून आहे, असं वाटलं. पाण्याची ओढ इथे जोराची असते, ह्यांना उजवीकडे नेलं असेल. मी इंजिन चालू केलं आणि सुकाणू उजवीकडे वळवलं. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येईना. थोडं गेल्यावर ते बंद करून मी हाक मारली. पुन्हा "ओहे!" आलं, आणखी उजवीकडून. मी इंजिन पुन्हा चालू करून आणखी वळले. कुठेतरी इंजिनाची घरघर झाली, ती मला आपल्याच बोटीची वाटली. मग मी हाक मारली तर काही आलं नाही. पुन्हा मारली. काही आलं नाही.

रेडिओवरचं लाल झाकण उघडून बटण दाबून धरायचं, हे मला शिकवलेलं होतं. मी ते दाबलं तेव्हा घड्याळात दहा वाजून एकतीस मिनिटं झाली होती. हे पडले तेव्हा किती वाजले होते, ते मी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटं गेली असावीत.

बचाव बोट पाऊण तासाने आली. नारिंगी कपड्यांतले सहा जण होते. त्यांतला एक आमच्या बोटीवर चढला आणि इंग्रजीत विचारू लागला, कुठे पडले? शेवटचा आवाज कुठून आला? मी उजवीकडे हात केला. त्यांनी उजवीकडे शोधलं. हेलिकॉप्टर आलं, त्याचा नुसता आवाज आला. धुकं अडीच वाजता उठलं, आणि समुद्र इतका मोकळा आणि शांत होता की मला त्याचा संताप आला.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला सापडले, पूर्वेकडच्या एका पुळणीवर, शेवाळ गोळा करणाऱ्या माणसांना. ह्यांचं पहिलं 'इकडे' जिथून आलं होतं, ती बाजू ती.

मुग्धा आली होती. बंदराजवळच्या एका खानावळीच्या वरच्या खोलीत आम्ही दोघी राहत होतो. पोलिसांचे कागद व्हायचे होते, ह्यांना परत न्यायची परवानगी यायची होती. मुग्धा दिवसभर फोनवर बोलायची आणि मधूनच माझ्याजवळ येऊन बसायची.

"आई, बाबांनी उत्तर दिलं होतं ना तुला?"

"दिलं. चार वेळा."

"काय म्हणाले?"

"दोनदा इकडे म्हणाले. दोनदा ओहे म्हणाले."

ती रडता रडता हसली. "शेवटपर्यंत चेष्टा."

मलाही त्याचाच आधार होता. शेवटी हे माझ्याशी हसून बोलले, एवढं मी उराशी धरून बसले होते. जेमतेम तिसऱ्या दिवसापर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात एक म्हातारा उभा होता. निळा स्वेटर, हातात टोपी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मुग्धा त्याच्याशी बोलली आणि मला म्हणाली, "हे ल गॉफ म्हणून आहेत. कोळी आहेत. शेवंडाचे पिंजरे लावतात. त्या दिवशी तिथे होते म्हणतायत. तुझ्याशी बोलायचंय."

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. फडकं त्याने टेबलावर ठेवलं. त्यात दोन शेवंड होते, पाय बांधलेले, अजून हलत होते. मग तो मुग्धाकडे बघून बोलायला लागला, थांबत थांबत, आणि ती मला सांगत गेली.

"म्हणतायत, धुकं आल्यावर ते इंजिन बंद करून पिंजरे ओढत होते. तेवढ्यात एका बाईची हाक ऐकू आली. त्यांनी उत्तर दिलं. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि बोट त्यांच्या दिशेने यायला लागली. पुन्हा हाक आली, त्यांनी पुन्हा उत्तर दिलं. बोट जवळच येतेय म्हणून त्यांनी आपलं इंजिन चालू केलं आणि टक्कर नको म्हणून ते लांब निघून गेले. नंतर रेडिओवर कळलं तेव्हा परत आले. संध्याकाळपर्यंत शोधत होते."

मुग्धा थांबली. मला वाटतं, तिला अजून उलगडलं नव्हतं. मी विचारलं, "काय उत्तर दिलं होतं त्यांनी?"

तिने त्याला विचारलं. म्हाताऱ्याने टोपीचा हात तोंडाशी नेला आणि बेतानेच, खोलीत शोभेल एवढ्या आवाजात, तो म्हणाला, "ओहे."

तो आवाज मी ओळखला.

मुग्धाचा चेहरा पांढरा पडला. म्हातारा तिच्याशी भराभर काहीतरी बोलत होता आणि ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणतायत?"

"आई..."

"मुग्धा, काय म्हणतायत ते सांग."

"विचारतायत, की तू हाक मारत होतीस तेव्हा बाबा... तेव्हा ते पाण्यात पडलेले होते का? तीन रात्री झोप नाही म्हणतायत. त्यांचं म्हणणं, मला वाटलं बोटवाले आपली जागा सांगतायत, म्हणून मी बाजूला झालो. नाव घेऊन कुणी ओरडलं असतं, तर मी इंजिन तिकडे घातलं असतं. मी अगदी जवळ होतो. एवढंच त्यांना कळायला हवंय, तेव्हा ते पडलेले होते का."

म्हाताऱ्याचे डोळे माझ्या तोंडावर होते. त्याचे हात मोठे होते, दोरांनी चिरलेले. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पाण्यावर जसं वागायचं तसाच तो वागला होता. ज्या शब्दाला जे उत्तर, ते त्याने दिलं होतं. ह्यांनी मला पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी सांगून ठेवलेलं त्याने केलं होतं. आणि मी त्या उत्तरामागे बोट वळवून ह्यांच्यापासून लांब लांब गेले होते, हसण्याच्या बेतात.

"त्यांना सांग, नाही," मी म्हटलं. "बाबा नंतर पडले. मी ह्या कोळ्यांच्या बोटीलाच हाक मारत होते, आमच्यावर येऊ नका म्हणून. बरं झालं ते बाजूला झाले."

"पण आई, तू तर पोलिसांना..."

"मी सांगते तेवढं सांग."

तिने सांगितलं. म्हाताऱ्याने एकदम खुर्चीची पाठ धरली आणि इतका वेळ न बसलेला तो माणूस बसला. मग त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात मिठाने खरखरीत झालेले होते, ह्यांचे तरुणपणी असायचे तसे.

मुग्धाने मला पुढे कधी काही विचारलं नाही. पोलिसांच्या कागदात काय लिहिलंय, ते तिनेच भाषांतर केलं होतं. तिला सगळं माहीत आहे. पण अठरा वर्षांत एकदाही तिने तो विषय काढला नाही आणि मीही नाही.

जाताना म्हातारा दारात थांबला आणि तिला काहीतरी म्हणाला.

"रविवारी त्यांच्या गावच्या लहानशा चर्चमध्ये समुद्रावर गेलेल्यांची नावं वाचतात," मुग्धा म्हणाली. "बाबांचंही वाचायचं म्हणतायत. नाव विचारतायत."

ती सांगणार होती. मी तिच्या दंडावर हात ठेवला.

"रघुनाथ," मी म्हटलं.

त्याला नीट ऐकू गेलं नाही. तो वाकून कान पुढे करून उभा राहिला. मग मी शेवटचा आ लांबवून ते पुन्हा घेतलं, आणि त्याला ते पहिल्याच झटक्यात बरोबर म्हणता आलं.